वन्संची अंगठी, माझं बोट

कुंडलला चुलत दिराचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही बायका जरा पडलो होतो, तेव्हा थोरल्या नणंदेची नवी अंगठी मी सहज बोटात घालून बघितली. गेली सरळ. निघेना मात्र. साबण लावला, तूप चोळलं, शेवटी शाम्पूही झाला. बोट वांग्यासारखं जांभळं पडलं, तशा वन्सं पदर खोचून उठल्या. "चल सांगलीला."

त्या माझ्या सोबतीला नाही, अंगठीच्या सोबतीला आल्यात, हे मला गाडीत कळलं. वाटभर त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

सांगलीचा खाजगी दवाखाना एकदम झकास. आत गारेगार, भिंतीतल्या काचेच्या पेटीत मासे. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. उजव्या हाताचं बोट अडकलेलं, म्हणून मी तो डाव्या हातानं भरला. स्वतःचं नाव मलाच वाचता येईना. मग वजन झालं, उंची झाली, झोप कशी लागते तेही विचारून झालं. बोटाकडं कुणी बघेना. अखेर डॉक्टरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "अंगठी कापावी लागेल."

"अंगठी कापायची न्हाई," वन्सं म्हणाल्या. "बोटाचं काय ते बघा."

डॉक्टर हसले. वन्सं हसल्या नाहीत. मी घाईघाईनं चपला शोधल्या.

परतीच्या वाटेवर सरकारी दवाखाना लागला. रांग थेट व्हरांड्यापर्यंत. पाच मिनिटांत सगळ्या रांगेला माझं बोट पाठ झालं. खोकल्यासाठी आलेली एक मावशी खोकता खोकता म्हणाली, "एवढ्या जाड बोटात घातलीच कशाला गं?" सिस्टरनी लांबूनच बोट बघितलं आणि ओरडल्या, "ती जांभळी बाई, पुढं या!"

त्यांनी दोऱ्याचं रीळ काढलं, टोक अंगठीखालून ओवलं आणि नखापर्यंत बोट करकचून गुंडाळलं. मग अंगठीखालचं टोक ओढत त्या दोरा सोडवू लागल्या. मी सगळे देव आळवले. अंगठी सरकत सरकत आली आणि एकदम टुण्णकन उडाली.

मग काय! सिस्टर, मी, वन्सं, निम्मी रांग, सगळे फरशीवर वाकलेले. शेजारच्या टेबलावर पायाला प्लास्टर घालून घेणारे एक आजोबा कुरकुरले, "आवं सिस्टर, अंगठ्यापाशी लय गार लागतंय."

"प्लास्टर ओलं आहे, आजोबा. लागणारच."

"टोचतंय बी."

सिस्टरनी ओल्या प्लास्टरमध्ये बोट घालून अंगठी बाहेर काढली. वन्संनी ती पुसून कनवटीला खोचली. मग आलोच आहोत तर म्हणून त्यांनीच बीपी मोजायला सिस्टरपुढं हात केला.

"बाई, केवढं वाढलंय! घरात काही ताण आहे का?"

वन्संनी नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं.