अक्काशी बोलण्यासाठी घेतलेलं मशीन

आईला ऐकू येत नाही हे मला वाटूरच्या मावशीनं सांगितलं. आईसोबत एका घरात राहूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मावशी आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणायची. शहरात, मस्तगड भागातल्या आमच्या घरातून आई रोज दुपारी तिच्याशी फोनवर बोलायची. एके दिवशी मावशीनं माझ्या फोनवर फोन केला.

"तुझी माय काहून रागावली माझ्यावर? मी म्हणलं, म्हैस मेली. तर म्हणती, बरं झालं."

त्यानंतर मी आईकडं नीट पाहायला लागले. मी बोलताना ती माझ्या ओठांकडं बघायची. पाठमोरी असली की उत्तर द्यायची नाही, आणि मला वाटायचं, कामात आहे. मावशीशी बोलणंही तिनं हळूहळू कमी केलं होतं. "बरं, बरं, ठेवते मंग," एवढंच.

कान तपासायला न्यायचं ठरवलं आणि राहून गेलं. मी शाळेत शिकवते. आधी परीक्षा आल्या, मग सुट्ट्या, मग दिवाळी. "या वयात ऐकून काय करायचंय?" आई म्हणायची, आणि मला ते सोयीचं वाटायचं. असे आठ-नऊ महिने गेले.

शेवटी नेलं. तपासणाऱ्या मॅडमनी आईला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आई आवाज नसतानाही दाबत होती. मॅडम दार उघडून हसत म्हणाल्या, "आजी, ही परीक्षा नाही, इथं कोणी नापास करत नाही." आईला तेही कळलं नाही. तिनं मान हलवली.

मशीन निवडताना आईनं कानात लपणारं, शेंगदाण्याएवढं मशीन हातात घेतलं ते सोडेचना. "हेच दे. ते मागं अडकवायचं नको. लोक बहिरी म्हणतील." मॅडमनी त्याचा बारीक सेल तिच्या तळहातावर ठेवला आणि बसवून दाखवायला सांगितलं. आईची बोटं संधिवातानं वाकलेली. सेल तीनदा खाली पडला. तिसऱ्यांदा मी टेबलाखालून उचलून वर येईपर्यंत तिनं ते मशीन स्वतःच बाजूला सारलं होतं. मग कानामागं अडकवायचं घेतलं.

"आवाज येईल," मॅडम मला म्हणाल्या, "पण शब्द लगेच कळणार नाहीत. ऐकायची सवय मोडलीय त्यांची. उशीर केलात."

पहिल्या दिवशी रिक्षात बसल्याबरोबर आईनं दोन्ही कान झाकले. घरी ताटं वाजली की दचकायची. स्वतःच्या चावण्याचा आवाज येतो म्हणून जेवताना मशीन काढून ठेवायची. फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारायचं. तरी ती नेटानं बसली. मी आतल्या खोलीतून फोन करायची, एकेक गाव म्हणायची आणि तिनं तेच म्हणायचं.

"अंबड."

"अंबड."

"परतूर."

"पत्रावळ?"

तिसऱ्या आठवड्यात परतूर बरोबर आलं. मी म्हटलं, आज मावशीला लावू. आईनं माझा हात धरला. "आठ दिवस थांब. पुन्हा भलतंच बोलले तर? बिलकुल चूक नको व्हायला." मी थांबले.

त्या आठ दिवसांतच मावशीला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात आईला कोणी आत सोडलं नाही. पंधरा दिवसांनी मावशीला वाटूरला घरी आणलं, तेव्हा आम्ही गेलो. निघताना आईनं मशीनमध्ये नवा सेल घातला, फडक्यानं पुसून मशीन कानाला लावलं. मावशीची उजवी बाजू गेलीय हे मी सांगितलं होतं. वाचाही गेलीय हे सांगितलं नव्हतं. दिसेलच तिला, असं मला वाटलं.

आईला पाहताच मावशी बोलायला लागली. तोंड वाकडं झालेलं, डोळ्यांतून पाणी, आणि घशातून नुसते आवाज. खूप बोलत होती. आई खाटेवर वाकली. तिनं कान मावशीच्या तोंडाशी नेला, मशीनचा आवाज वाढवला, आणखी वाढवला, शिट्टी वाजेपर्यंत. मग माझ्याकडं वळली. चेहरा ओशाळलेला.

"मशीन बिघडलं का गं? अक्का बोलून राह्यली अन् मला काहीच कळंना."

"मशीन चांगलं आहे, आई," मी म्हटलं. "मावशीलाच बोलता येत नाही."

मी अगदी हळू बोलले होते. आईला ते पहिल्याच वेळी, सगळं ऐकू गेलं.

मावशी आणखी चार महिने जगली. आई दर पंधरा दिवसांनी जायची, मशीन न लावता. मावशीचा हात धरून बसायची आणि संध्याकाळच्या बसनं परत यायची.

मध्यंतरी मॅडमचा फोन आला होता. मशीन वापरलं नाही तर उरलंसुरलं समजणंही जाईल, म्हणाल्या. मी आईसमोर बसून, तोंड तिच्याकडं करून, सावकाश म्हटलं, "आई, मशीन लावत जा."

"जेवले मी," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं नाही.