आईचं तोंड सुटलं

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय, औषधानं आणखी थोडे दिवस मिळतील, एवढंच. आई म्हणाली, "म्हंजी आता कुणाला भ्यायचं कारण न्हाय." आम्हाला वाटलं, धक्क्यानं बोलतेय.

मी रजा टाकून उमरग्याहून माकणीला, माहेरी आले. मला वाटत होतं, सगळं मलाच करावं लागणार.

पहिल्याच आठवड्यात आत्या भेटायला आल्या. म्हणाल्या, "वहिनी, आजारपणात माणूस देवाजवळ जातं. मन शांत ठेवा."

"शांतच होते की लग्न झाल्यापास्नं," आई म्हणाली. "तुमी भेटायला आलाव का जेवायला? जेवायचं आसंल तर पीठ डब्यात हाय. चार भाकरी थापा, मलाबी एक द्या."

आत्यांनी भाकरी थापल्या आणि रुसून गेल्या. आजार डोक्यात गेला, असं त्यांनी साऱ्या भावकीत सांगितलं.

मी आईला समजवायला गेले. "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं तू बघ. तुला आजून ऱ्हायचंय त्यांच्यात."

मी शिकलेली, नोकरी करणारी. तरी उठून दार लोटून घेतलं, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मग तिची नजर वडिलांकडं वळली. "चहा करा," तिनं सांगितलं. त्यांनी आयुष्यात गॅस पेटवला नव्हता. मी उठले, तर तिनं मला हातानंच बसवलं. ती बाजेवरून सांगत गेली आणि ते करत गेले. पुढं किमोमुळं तिला अन्नाचा वास सोसेना, तेव्हा अंगणात चूल मांडून ते ज्वारीच्या भाकरी थापू लागले. कडा फाटायच्या, मधे करपायच्या. तरी गावभर नाव झालं, बायकोच्या आजारपणात गडी केवढा बदलला! आईच्या भाकरीचं तसं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. हे ऐकून ती इतकी हसली, की पोट धरून कण्हायला लागली.

एकदा धुरानं लाल झालेले डोळे पुसत वडील म्हणाले, "गॅस यायच्या आदी एवढा धूर तू रोज खात हुतीस?"

"आता कळलं व्हय?" आई म्हणाली. "बरं झालं, मी हाय तवर कळलं."

त्यानंतर दोघं संध्याकाळी अंगणात बोलत बसायची. जास्त तीच बोलायची, जुनं-जुनं काढून भांडायचीही. वडील ऐकून घ्यायचे. मी मुद्दाम आत थांबायचे.

ज्वारीच्या काढणीत ती गेली. घरीच, वडिलांनी भरवलेली पेज अर्धी टाकून.

दोनेक महिन्यांनी मी सुट्टीला माहेरी असताना पाहुणे आले. घरात बाईमाणूस पाहिजे, दुसरं लग्न करा, म्हणाले. "न्हायतर भाकरीचे हाल हुत्याल."

"भाकरी येती मला," वडील म्हणाले. "बायकूचं आणखी काय काम आसतंय?"

ते खरंच विचारत होते, की टोमणा होता, हे पाहुण्यांना कळलं नाही. चहा पिऊन ते गेले. वडिलांनी कपबशा विसळल्या. मग मला म्हणाले, "तिच्यासंगं बोलायला आत्ता कुठं जमाया लागलं हुतं."