एकटीची तयारी

हिमालयात जायचं खूळ मुळात आमच्या ह्यांचं. जन्म समुद्रकाठी गेला, आता एकदा बर्फ तुडवायचा, असं ते म्हसळ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून म्हणत होते. मी नुसती त्यांच्या होला हो करायची. मग तिकडच्या एका ट्रेकला दोघांची नावं नोंदवली, दोन लोकरीच्या टोप्या आल्या आणि रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर चढ-उतार सुरू झाला.

चढताना ते सारखे थांबायचे. थांबले की बोलायचे, हे झाड कसलं, तो बांध कुणाचा. माझा जन्म शाळेत पोरांना शिकवण्यात गेला, तरी धीर बेताचाच. मनात म्हणायची, चला हो आता.

पुढे तब्येतीच्या दाखल्यासाठी बोर्लीला डॉक्टरांकडे गेलो. माझा दाखला लगेच हातात पडला. ह्यांचा रक्तदाब मात्र डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "काका, एवढ्या उंचीवर मी काही तुम्हाला पाठवणार नाही."

ह्यांचा चेहरा उतरला. आणि मला? मला हायसं वाटलं. त्यांच्या जिवाचा धोका टळला म्हणून नव्हे, आता माझ्या चालीनं चालता येईल म्हणून. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रिक्षात मी म्हटलं, "मग मीही नाही जात."

"गप. तू तरी बघून ये."

मी पुन्हा आग्रह केला नाही. एकदा म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

त्यानंतर माझ्या तयारीला तेच जुंपले. पाठीवर ओझं घेऊन चालायची सवय हवी, म्हणून माझ्या नव्या सॅकमध्ये त्यांनी किनाऱ्यावरची वाळू भरली, तीही ओली. थोड्याच दिवसांत खारानं सगळ्या चेन गच्च धरल्या. मी भडकले. "अहो, खारं पाणी काय तुम्हाला नवं आहे?" ते पडवीत बसून खोबरेलाचं बोट फिरवत चेनचा एकेक दात मोकळा करत राहिले. खरं सांगते, त्यांच्यावर रागावलं की तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं. अपराधी वाटायचं थांबायचं.

निघायच्या आदल्या दिवशी ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. लांबच्या प्रवासाआधी घरच्या कर्त्या माणसानं देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि सोबतच्यांनी दर मागणीला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. सोबत मी एकटीच होते. त्यांनी नारळ हातात धरला.

"बा देवा महाराजा, तुझी लेक डोंगरात चाललीय. तिच्या पायात बळ दे."

"व्हय महाराजा."

"वाटंत काय आडवं आलं तर बाजूला सार."

"व्हय महाराजा."

ते जरा थांबले. "आन् मी संगं न्हाय म्हणून तिच्या जिवाला तिकडं रुखरुख लागू देऊ नको."

गाऱ्हाण्यात मध्येच गप्प बसता येत नाही, मागणी अर्धी राहते. डोळे मिटून ते वाट बघत उभे होते.

"व्हय महाराजा," मी म्हटलं. माझा आवाज आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा मोठा होता.