आमच्या वरच्यांचे यंदाचे बेत

येत्या वर्षात आपण काय काय करणार आहोत हे ज्यांना महिनावार पाठ आहे, असे गृहस्थ मी उभ्या जन्मात एकच पाहिले. आणि त्यातलं जवळजवळ काहीच न करता इतके समाधानी राहणारेही तेच. ते म्हणजे आमचे वरचे. जयपूरला आदर्श नगरात आमचं घर आहे, त्याच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत ते पस्तीस वर्षं राहताहेत. मूळचे नागपूरचे. इथल्या एका कॉलेजात फोटोग्राफी शिकवायला आले, शिकवून झालं, निवृत्त झाले, लग्न राहून गेलं, आणि नागपूरला परत जायचं दर वेळी पुढल्या वर्षी ठरत असल्यामुळे अजून इथेच आहेत. त्यांना हसायचा मला हक्क नाही. ह्यांची बँकेतली बदली तीन वर्षांसाठी होती म्हणून मी सांगलीहून येताना मिक्सरसुद्धा आणला नव्हता. आता नातीला मिशा फुटलेली मुलं आवडायला लागली तरी आम्ही इथेच.

फोटोग्राफर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लग्नात नवरीला हनुवटी वर करायला लावणारा माणूस आला होता. त्यामुळे ते राहायला आले त्याच आठवड्यात मी वर जाऊन, मुलाच्या वाढदिवसाचे दोन-चार छान फोटो काढून द्या भावजी, असं सांगून आले. ते फार अदबीने म्हणाले, "वहिनी, मी माणसांचे फोटो नाही काढत. माणसं हलतात." मी खाली येऊन ह्यांना सांगितलं की बिचाऱ्यांना येत नसावेत. त्या वयात मला सगळ्यातलं सगळं कळत असे. नंतर ते कमी कमी होत गेलं.

दर गुढीपाडव्याला ते आमच्याकडे श्रीखंड-पुरीला असतात. जेवण झालं, हात पुसले की झब्ब्याच्या खिशातून शाळेची शंभरपानी वही निघते आणि वर्षाच्या बेतांचं वाचन सुरू होतं. आमचे हे पहिल्या बेतालाच पेंगतात. मी मात्र पानातलं लोणचं चाटत शेवटपर्यंत ऐकते. एका वर्षी गुलाबी शहराचे फोटो काळ्यापांढऱ्यात काढायचे होते, पण असे की बघणाऱ्याला गुलाबी कळला पाहिजे. एका वर्षी आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर पौषात जे ऊन पडतं, त्याचं वर्षभराचं चित्रण होतं. पौषातलं ऊन वर्षभर कसं पडेल, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि बेत पुढच्या वर्षावर गेला.

त्यांचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. ती तीन पायांवर उभी राहते आणि तिच्या मागे काळ्या कापडात डोकं घालून भावजी उभे राहतात. फिल्म एका वेळी एकच, वहीच्या पानाएवढी, त्यामुळे बटण दाबण्याआधी जो विचार करतात तो आमच्याकडे मुलगी बघायला जातानाही कुणी केला नसेल. शहराबाहेर कानोत्याच्या धरणावर पाणी उतरतं तेव्हा काठावर एक रेघ राहते, तिचे बारा महिन्यांचे बारा फोटो काढायचे ठरले. हा बेत मात्र त्यांनी खरोखर हातात घेतला. दर महिन्याला रिक्षात पेटी घालून कानोत्याला. तिथल्या लोकांना वाटलं, सरकारातून जमीन मोजायला साहेब येतात. चौथ्या महिन्यापासून माणसं जमायला लागली. "साब, सड़क कब बनेगी?" एक म्हातारबुवा तर अर्जच घेऊन आले. त्यांना नाराज करणं भावजींच्या जिवावर आलं. त्यांनी खाली बसून अर्ज नीट वाचला, त्यातलं शुद्धलेखन तपासलं आणि कुठल्या कचेरीत द्यायचा ते सांगून परत केला. सडक पुढे खरंच झाली, असं ते अजून अभिमानाने सांगतात. फोटो एकच निघाला. उरलेल्या अकरा महिन्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "रेघ खरं बोलत नव्हती."

आणि जयपूरजवळच्या चाकसूची शीतलामातेची जत्रा तर त्यांच्या वहीत कायमची. ती पाडव्याच्या आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते, म्हणजे तयारीला आख्खं वर्ष मिळतं. त्या दिवशी इकडे चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधलेलं गार अन्न देवीला दाखवायचं आणि तेच खायचं. भावजींना बायकांच्या मांडीवरचे झाकण न उघडलेले डबे टिपायचे होते. एका वर्षी मी हट्टाने बरोबर गेले. नवी चंदेरी, डोळ्यांना गॉगल, आणि हातात मोठा डबा, ज्यात पहाटे उठून केलेला गरमागरम उपमा. भावजींनी शिळं खाऊन आजारी पडू नये एवढाच माझा उदात्त हेतू. जत्रेत सतरंजी टाकून मी झाकण उघडलं आणि वाफेचा असा लोट निघाला की आसपासच्या पन्नास बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक आजीबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "बहनजी, आज के दिन? माता को तो ठंडा चाहिए." मी गॉगल वर करून म्हटलं, "हमारे यहाँ गरम ही खाते हैं." काय ती अक्कल! इतक्यात काळ्या कापडातून आवाज आला, "वहिनी, डबा लावा. साऱ्या चौकटीत वाफ येऊन राहिली." डबा लावला. मग त्याच आजीबाईंनी माझ्या पुढ्यात बाजरीची ताकातली गार राबडी आणि गोड पुए ठेवले. मी नाक मुरडून एक पुआ खाल्ला आणि नाक सरळ करून आणखी तीन. भावजींनी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. उपमा आम्ही परतीच्या बसमध्ये खाल्ला, तोवर तोही गार झाला होता.

पण माझा खरा पराक्रम त्याच्याही आधीचा आहे, आणि तो मी पस्तीस वर्षं कुणाला हसत हसत सांगू शकले नाही.

ते आमच्याकडे राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं, महिन्यावर आलं होतं, आणि मध्येच नागपूरला आईचं दुखणं निघालं म्हणून ते आठ दिवसांसाठी गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. पाऊस नुकता संपलेला, खोल्यांना कुबट वास. आमच्या सांगलीकडच्या बाईला वास आला की एकच औषध माहीत, ऊन दाखवणे. मी गादी काढली, उशा काढल्या, पुस्तकं काढली आणि एका खोक्यात काळ्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले कोरे कागदही काढले. गच्चीवर ओळीने मांडले, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक दगड. बटाट्याचा कीस घालते तितक्या प्रेमाने. तासाभराने बघते तो कागद वांग्याच्या सालीसारखे जांभळे, मग तपकिरी, आणि दगड उचलला की खाली पांढरा ठिपका. मला दुकानदाराचाच राग आला. भावजी परत आल्यावर मी दारातच सांगितलं, "तुम्हाला कागद फार हलका दिलाय हो. उन्हाला टिकला नाही."

त्यांनी गच्चीवर एकेक दगड उचलून कागद पाहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या न, वहिनी. कागदाचा धर्मच तो." एवढंच. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला समजावून सांगितलं की तो प्रदर्शनासाठी मुद्दाम मुंबईहून मागवलेला, उजेड लागला की वाया जाणारा फोटोचा कागद होता आणि प्रदर्शन रद्द झालं. त्या दिवसापासून रोज दुपारी आमच्याकडून वाटीभर भाजी वर जाते. मी आजारी असले तर हे नेतात. त्यानंतर भावजींनी प्रदर्शनाचा बेत वहीत कधी लिहिला नाही, आणि ते माझ्यामुळे, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

यंदा मात्र नातीने घोळ घातला. ती त्यांच्याकडे चहाला जाते, मराठी सुधारते म्हणून. सुधारत नाही. एके दिवशी खाली येऊन म्हणाली, "आजी, मतलब वरच्या आजोबांचे फोटो कोणी बघितलेच नाहीत? अरे, कमाल के आहेत!" तिने मोबाइलवर चार फोटो उतरवून शहरातल्या एका कलादालनाला पाठवले होते. आम्हा दोघींशिवाय कुणाला पत्ता नव्हता. पत्र आलं ते सरळ भावजींच्या नावे. दिवाळीनंतर आठ दिवस हॉल, अठरा फोटो, स्वतःच्या हाताने छापलेले. पाडव्याला त्यांनी वही उघडली आणि खालच्या आवाजात एकच ओळ वाचली, "या वर्षी प्रदर्शन." आमचे हे दचकून जागे झाले. "संपलं?" म्हणाले.

मग सबबींचा हंगाम सुरू झाला. उन्हाळ्यात औषधं तापतात. पावसाळ्यात कागद फुगतो. श्रावणात मोतीबिंदू निघाला, भाद्रपदात हात थरथरायला लागला. यातलं शेवटचं खरं होतं, चहाचा कप बशीत वाजायचा. दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, पुढल्या वर्षी पाहू." त्र्याहत्तराव्या वर्षी पुढलं वर्ष कसलं घेऊन बसलाय, असं अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळून मी म्हटलं, "उद्या अकराला मी वर येते. ट्रे मी हलवीन."

त्यांचं अंधारघर म्हणजे बाथरूम. खिडकीला रजई ठोकलेली, वर लाल दिवा, पाटावर औषधांचे तीन ट्रे. कोऱ्या कागदावर कॅमेऱ्यातल्या फिल्ममधून उजेड पाडायचा, तो कागद पहिल्या ट्रेत सोडायचा आणि ट्रे हलक्या हाताने हलवत राहायचं, म्हणजे औषध सारखं फिरतं. हेच त्यांच्या हाताला आता जमेना. मला जमलं. पाळणा हलवल्यासारखं आहे. हळूहळू कागदावर आधी काळी सावली उमटते, मग कानोत्याचा काठ, मग ती रेघ. मी कितीदा "अगंबाई" म्हटलं असेल! रोज दोन नाहीतर तीन फोटो व्हायचे. सोळावा फोटो ट्रेत असताना, अंधार होता म्हणून असेल, मला धीर आला.

"भावजी, तेव्हाचं तुमचं प्रदर्शन माझ्यामुळे बुडालं."

त्यांनी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"नाही हो, वहिनी," ते म्हणाले. "तेव्हा माझ्याकडे फोटोच नव्हते. वीस कबूल केले होते, मनासारखे अकरा होते. नागपूरहून येताना गाडीत हाच विचार करून राहिलो होतो, आता कसं सुटायचं. गच्चीवर पाहतो तर तुम्ही कागद वाळत घातलेले. मी सुटलो."

माझा हात थांबला. "हलवा, हलवा," ते म्हणाले, "डाग पडेल."

"आणि पस्तीस वर्षं हे सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर भाजी आली असती?"

मला इतकं हसू आलं की ट्रेतलं औषध माझ्या पायावर सांडलं. नात नंतर म्हणाली, "मतलब आजोबांनी पैंतीस साल झूठ बोललं? फक्त भाजीसाठी?" तिला काय सांगणार, माझ्या हातची भरली वांगी तिने अजून नीट खाल्लेली नाहीत.

पण तेव्हा, त्या लाल अंधारात, ते हसले नाहीत. म्हणाले, "आता तुमच्या डोक्यावर काही नाही राहिलं, वहिनी. तर आता मलाही सोडा न. वहीत आहेत तोवर ते फोटो कसेही असू शकतात. भिंतीवर लागले की तेवढेच."

खरं सांगते, सोडावंसं वाटलं. मला कसलीच फेड करायची उरली नव्हती. दार उघडलं असतं, उजेड आत आला असता, उरलेला कागद पुन्हा एकदा वाया गेला असता आणि आम्ही खाली येऊन चहा घेतला असता. त्यांनी तर आभारच मानले असते. चिमट्याने कागद उचलून मी दुसऱ्या ट्रेत सोडला आणि म्हटलं, "सोळा झाले. सतरावा द्या."

त्यांनी दिला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी वरून निरोप आला, अंगात कणकण आहे, तुम्ही जा. आम्ही तिघं गेलो. पांढऱ्या भिंतींवर अठरा फोटो, आणि फोटोग्राफर कुठे आहेत असं विचारणाऱ्यांना मी कणकण सांगत होते. चारच्या सुमाराला दारातून भावजी आत आले. इस्त्रीचा झब्बा, हात पाठीमागे, ओळख न दाखवता. इतर लोकांच्या मागे रांगेत उभे राहून त्यांनी पहिल्यापासून अठराव्यापर्यंत एकेक फोटो पाहिला. नात त्यांच्याकडे धावणार होती, मी तिचं मनगट धरून ठेवलं. शेवटी दाराजवळच्या अभिप्रायाच्या वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं आणि बाहेर गेले.

मी जाऊन वाचलं. खाली सही नव्हती. हात थरथरत असल्याने अक्षर हललेलं होतं. "फोटो बरे आहेत. काढणाऱ्याने अजून काढायला हवे होते."

मी बाहेर आले तर ते पायरीवर उभे होते. समोरच्या भिंतीवर उतरतं ऊन पडलं होतं, कडुलिंबाच्या सावल्या तिच्यावर हलत होत्या.

"किती वेळ राहील हो हे, वहिनी?"

"असेल दहा मिनिटं."

"मग घरी जाऊन कॅमेरा आणून होत नाही."

"नाही होत," मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. गुडघ्यांना हात लावून मीही बसले. ऊन जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो.