मावशींचा हातखर्च

रुग्णालयाच्या धुलाईघरात मावशींनी उभी हयात काढली. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. निवृत्त झाल्यावर गाठीला होतं नव्हतं ते त्यांनी मुलाच्या नव्या घरात घातलं आणि त्याच्याकडे राहायला आल्या. पैसे गेल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. खटकला तो एक शब्द.

पगार झाला की मुलगा त्यांच्या हातावर काही नोटा ठेवायचा आणि हसत म्हणायचा, "घे आई, तुझे खाऊचे पैसे."

दोनदा त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला हात मागे घेतला.

"खाऊला पोराटोरांना देतात रे. मी काय शाळेत जाते?"

"अगं, लाडानं म्हणतो."

"लाड राहू दे. हातखर्च म्हण. आणि कशावर केला ते विचारायचं नाही."

"बरोबर आहे आईंचं!" सून आतून ओरडली. मुलगा वरमला. "बरं बाई, हातखर्च."

मावशींनी त्याच आठवड्यात तो सगळाच्या सगळा पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वर्गाची फी भरण्यात घातला. आयुष्यभर कोपरापर्यंत पाण्यात होत्या, गळ्यापर्यंत कधी गेल्याच नव्हत्या.

मुलाला पत्ता लागला तो दोरीवर वाळणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावरून.

"आई, हे काय? या वयात?"

"विचारायचं नाही असं ठरलंय."

पहिले काही दिवस नाकातोंडात पाणी गेलं. काठावरची पकड सुटता सुटेना. शिकवणारी पोरगी म्हणाली, "मावशी, पाण्याशी भांडू नका."

"भांडत नाही गं, जुनी ओळख आहे. फक्त इतक्या जवळून नव्हती."

मग एका सकाळी, सून मुद्दाम बघायला आली होती तेव्हा, मावशींनी काठ सोडला. हात मारत, धापा टाकत त्या थेट समोरच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. मागे वळून पाहिलं तर अख्खा तलाव मध्ये.

"आता परत कशी येऊ?"

"गेलात तशाच या!" शिकवणारी हसली.

आल्या. चष्म्याशिवाय अंदाजानंच आल्या, पण आल्या. सुनेनं टॉवेल पुढे केला. तिचे डोळे चमकत होते.

"आई, पुढच्या महिन्यापासून मीही येते."

"ये की," मावशी केस पुसत म्हणाल्या, "फी मात्र तुझी तू भर."