राणे काकूंचं दोहा

राणे काकूंना अकरा भाषा येत, पण प्रत्येक भाषेतली तीनच वाक्यं: मूठ आवळा, घाबरू नका, झालं. कतारमधल्या दोहा शहरात, बिन महमूद भागातल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये त्या एकवीस वर्षं लोकांचं रक्त घेत होत्या. समोर नेपाळी आला की नेपाळीत, फिलिपिनो आली की तिच्या भाषेत, इजिप्तचा आला की अरबीत. मल्याळम तर अशी फाडफाड की केरळी माणूस हरखून पुढे बोलू लागे आणि काकूंना हात जोडावे लागत. "चौथा वाक्य येणां नाय मेल्या, गप ऱ्हव," असं त्या अस्सल मालवणीत सांगत, आणि तेही त्याला बरोबर कळे.

मूळच्या वेंगुर्ल्याच्या. दोह्यात अल मुंतझा भागात आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. राणे काका गॅसच्या प्रकल्पात, पहाटे बसने जाणारे, संध्याकाळी दमून येणारे आणि मितभाषी. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं काकूंच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांनी ते आनंदानं पत्करलं होतं.

त्यांना या शहराचा फार अभिमान होता; पण उंच टॉवर दाखवून पाहुण्याला थक्क करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. कोणी आईवडिलांना इथे फिरायला आणलं, की काकू शुक्रवारी संध्याकाळी त्यांना कॉर्निशवर समुद्राकाठी नेत, हिरवळीवर बसवत आणि म्हणत, "आता डोळे मिटा नि आयका." आजूबाजूला चटया अंथरून कुटुंबं बसलेली असत. कुठे तमिळ, कुठे उर्दू, कुठे सिंहली, मागे सुदानी बायकांचं हसणं, पुढे अरबी आजोबांचं नातवाला हाका मारणं. पाहुणे डोळे उघडत तेव्हा काकूंचा चेहरा असा फुललेला असे, की जणू हे सगळं त्यांनीच सकाळी उठून रांधलं आहे.

एकदा लिफ्टमध्ये आमच्याबरोबर एक नवीन आलेला मराठी इंजिनिअर होता. तिसऱ्या मजल्यावर एसी दुरुस्त करणारा बांगलादेशी कामगार आत आला, घामानं निथळलेला. जुलैचे दिवस होते. इंजिनिअरनं नाकाला रुमाल लावला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुझ्या घरात एसी कोण लावतलो? तुझो बापूस?" मग त्या कामगाराला आपल्या घरी नेऊन त्यांनी लिंबूसरबत पाजलं. या देशाबद्दल कुणी वाईट बोललेलं त्यांना चाले. ज्यांनी तो बांधला त्यांच्याबद्दल मात्र नाही.

माझे बाबा नाशिकहून आले, तो मे महिना होता. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर त्यांनी इतरांना रस्ता सांगितला. इथे आल्यावर आठवडाभर ते खिडकीत बसून होते. "झाडं नाहीत, पाऊस नाही, ओळखीचं माणूस नाही. तुम्ही इथं जगता कसे?" असं रोज विचारत. काकूंनी कॉर्निशवर येण्याचा आग्रह केला, तर पाय दुखतात म्हणाले.

एके दिवशी मी ऑफिसातून आले तर दार नुसतं ओढलेलं. बाबांचा फोन चार्जरला, चपला जागेवर नाहीत, आणि बाहेर अजून भट्टीसारखं ऊन. मी खाली धावले. किराणा दुकानात, मशिदीच्या सावलीत, बागेत, कुठेच नाहीत. नवरा ऑफिसातून निघाला होता, पण तासाभराच्या अंतरावर होता. बाबांना रक्तदाब, आणि गोळी दुपारची चुकलेली. मी काकूंच्या दारात उभी राहून रडायलाच लागले.

"त्येंचो फोटो आसा? दी," एवढंच काकू म्हणाल्या. तो फोटो त्यांनी पाच मिनिटांत कुठे कुठे पाठवला कोण जाणे. कोपऱ्यावरचा केरळी दुकानदार, पलीकडच्या इमारतीचा नेपाळी वॉचमन, सलूनमधली फिलिपिनो मुलगी, इजिप्तचा औषधवाला. मग मला स्वतःच्या जुन्या गाडीत घालून त्या गल्ल्या पालथ्या घालू लागल्या. फोन वाजत राहिले. सलूनमधल्या मुलीनं बाबांना चारच्या सुमारास बघितलं होतं. बागेतल्या माळ्यानं त्यांना पाणी दिलं होतं. ते हातानं निळी पाटी दाखवत होते, म्हणाला. मला रडता रडता हसू आलं. इथे प्रत्येक इमारतीवर नंबराची निळी पाटीच असते. घराची खूण म्हणून बाबांनी नेमकी तीच लक्षात ठेवली होती.

"काकू, त्यांना काही झालं असेल तर?"

"काय होणां नाय. हय रस्त्यार म्हातारो माणूस एकटो पडलो, असा मी एकवीस वर्षांत बघूक नाय."

शेवटी औषधवाल्याचा फोन आला. मोठ्या रस्त्यापलीकडे बंगले आहेत, तिथल्या एका कतरी घराच्या श्रीलंकन ड्रायव्हरनं फोटो ओळखला होता. आम्ही पोचलो तेव्हा फाटकापाशी तोच उभा होता. काकूंना बघताच त्यानं हसत बाही वर केली आणि मूठ आवळून हात पुढे केला.

आत बैठकीच्या खोलीत, मजलिसमध्ये, गालिच्यावर तक्क्याला टेकून बाबा बसले होते. शेजारी पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले, बाबांहूनही थकलेले एक कतरी आजोबा. समोर खजूर आणि कहवा. आजोबांचं तरुणपण व्यापारासाठी मुंबईत ये-जा करण्यात गेलं होतं. मोडक्यातोडक्या हिंदीत ते मला म्हणाले, "बेटी, फिकर नहीं. ये हमारा मेहमान है." बाबांनी सात कप कहवा प्यायला होता. कप हलवून परत दिला नाही की तो भरलाच जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणणं त्यांना उद्धट वाटत होतं. काकूंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला आठवा कप हळूच हलवून दाखवला. आधी आजोबा हसले, मग आम्ही सगळेच.

त्यानंतरचा महिना बाबा खिडकीत बसले नाहीत. रोज संध्याकाळी तो ड्रायव्हर त्यांना न्यायला येई. आजोबा त्यांना मोती काढणाऱ्या वडिलांच्या गोष्टी सांगत, बाबा त्यांना घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या. कोण कुणाचं किती समजत होतं देव जाणे. निघायच्या आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "तुझं गाव चांगलं आहे गं." हे वाक्य ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते.

नोकरी संपली की इथला मुक्काम संपतो, हे इथे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून जाणून असतो. तरी राणे काका निवृत्त झाले तेव्हा आम्हाला ते अचानकच वाटलं. काकूंच्या कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या लॅबबाहेर रांग लागली होती. कुणाचीच तपासणी नव्हती. कुणी घरचा हलवा आणला, कुणी तांदळाचा फिलिपिनो केक, बिबिंका, कुणी नुसता हात हातात घेऊन उभं राहिलं. एक येमेनी बाई काकूंच्या गळ्यात पडून काहीतरी भराभर बोलली. काकूंना त्यातला एकही शब्द कळला नसेल. त्या मान डोलवत राहिल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले.

आता त्या वेंगुर्ल्यात असतात. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. त्यांच्या आळीतल्या एका गृहस्थांनी सकाळी सहज विचारलं होतं, एवढी वर्षं परक्या मुलखात कशी काढलीत?

"मग? तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"बसवलंय त्येका पडवीत नि सांगूक लागलंय. दुपारचा जेवाण थंड झाला त्येचा, पण उठाक दिलंय नाय. बायल दोन येळा बोलवूक ईली." त्यांनी दम घेतला. "नि गो, अजून मी मुंतझाच्या भायर पडलंय नाय!"