कोकम सरबतातलं बेंझोएट

परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे सकाळी क्रीम आणि शांपू येतात, दुपारी सरबतं आणि लोणची. काम तेच. नमुना तोलायचा, मिथेनॉलमध्ये घुसळून त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह द्रावणात उतरवायचं, गाळायचं आणि यंत्रात सोडायचं. प्रिझर्व्हेटिव्ह असेल तर पडद्यावरच्या सपाट रेषेतून सुळका वर येतो. सुळका जेवढा मोठा, तेवढं प्रमाण जास्त.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या वहिनींनी मे महिन्यात कोकम सरबताची बाटली तपासायला दिली. नोकरी सुटल्यावर त्यांनी घरीच हा धंदा सुरू केला होता. दादरचं एक दुकान माल ठेवायला तयार होतं, पण ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असा रिपोर्ट आधी हवा होता.

सुळका आला. सोडियम बेंझोएट या प्रिझर्व्हेटिव्हचा, चांगला ठसठशीत. शंका नको म्हणून त्याच भांड्यांतून नुसतं मिथेनॉल यंत्रात सोडून पाहिलं. रेषा सपाट. म्हणजे भांडी स्वच्छ होती, जे होतं ते सरबतात होतं.

संध्याकाळी सांगितल्यावर वहिनींचा चेहरा उतरला. ‘‘ताई, देवाशप्पथ! कोकम, साखर, मीठ, जिरं. बस.’’

खिडकीशी बसलेल्या त्यांच्या सासऱ्यांनी मान वळवली. गिरणीतून निवृत्त झालेले, घरात बोलणं मालवणीच. ‘‘किती घातलंय, ता पण कळता काय तुमच्या यंत्रात?’’

‘‘काय घातलंत, बाबा?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘चिमूटभर. बाटली थंय चार दिस पडान रवतली. बुरशी इली असती तर आबरू कोणाची गेली असती?’’

लोणच्याचा मसाला घेतात त्याच दुकानातून त्यांनी बेंझोएटची पुडी आणली होती. बाकीच्या बाटल्यांना हात लावला नव्हता. तपासणीला जाणारी तेवढी टिकावी, एवढाच हेतू.

‘‘माझ्या परीक्षेला कॉपी तुम्ही पुरवलीत, आणि पकडले मी गेले!’’ वहिनी म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

पहिला रिपोर्ट बदलता येणार नव्हता. दुकानात जाणाऱ्या मालातली सीलबंद बाटली नवा नमुना म्हणून घेतली. सासरे वहिनींसोबत प्रयोगशाळेत आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. या वेळी बेंझोएटच्या जागी काहीच उठलं नाही.

रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांनी तो उलटसुलट पाहिला. ‘‘बरा झाला. पण आता ह्या टिकतला कसा?’’

‘‘टिकवायचं कशाला? विकायचं,’’ वहिनी म्हणाल्या. दुकानदाराला त्यांनी तिथूनच फोन लावला होता.